शेवटून पहिला

तर मंडळी, झालं असं की एका रविवारी सकाळी मी अंगणात पेपर वाचत बसलो होतो आणि अमेरिकेतून नातीचा फोन आला. तिकडे शनिवारची रात्र. जेवलात का, गुडघा कसा आहे, हे नेहमीचं झाल्यावर ती एकदम म्हणाली, "आबा, तुम्ही शाळेत एनसीसीच्या मुलांचं फायरिंग घ्यायचात ना? मग मला एक स्पर्धा आखून द्या."

मला हसूच आलं. मी मराठी आणि इतिहासाचा मास्तर, 2008 साली रिटायर झालेला. बी.ए. सुद्धा मराठी माध्यमातून. टेक्सासमधल्या रायफल क्लबला मी काय सांगणार? पण नात म्हणजे दुधावरची साय. तिला नाही म्हणता येत नाही.

तिचं म्हणणं असं. शनिवार-रविवारी ती एका क्लबात नेमबाजीला जाते. तिथे महिन्यातून एकदा पॉइंट टू टू रायफलची लांब पल्ल्याची स्पर्धा असते. ती चालवणारे गृहस्थ दुसऱ्या गावी राहायला गेले आणि जाताना सगळा पसारा हिच्या गळ्यात घालून गेले. हिच्या पहिल्या स्पर्धेला 26 जण आले, दुसऱ्या महिन्यात 19 आणि तिसऱ्यात 12. "आबा, माझं चुकतंय कुठे?"

मी म्हटलं, "निकालाचा कागद पाठव."

तो व्हॉट्सॲपवर आला. चष्मा लावून मी खालून वर वाचायला लागलो. ही मास्तरांची जुनी खोड. वर्गात पहिला कोण आला हे मास्तरला आधीच माहीत असतं, त्यासाठी निकाल पाहावा लागत नाही. पेपर कसा निघाला हे शेवटचे पाच जण सांगतात. पहिल्या गड्याला 60 पैकी 58. शेवटच्याला 9, आणि त्याच्या पहिल्या दहा गोळ्यांपुढे ओळीने दहा शून्यं. मी विचारलं, "हे खालचे चौघे पुढच्या महिन्यात आले का गं?"

तिने वही पाहिली. चौघांपैकी एकही आला नव्हता.

आता ज्यांना या खेळाची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. पॉइंट टू टू म्हणजे एनसीसीत आपण सगळ्यांनी पाहिलेली ती लहान रायफल. तिच्या काडतुसाच्या बुडाची कड ठोकली की आतला मसाला पेटतो, म्हणून इंग्रजीत तिला रिमफायर म्हणतात. आज सगळीकडे चालणारं 'लाँग रायफल' काडतूस 1887 सालचं आहे. गोळी जेमतेम अडीच ग्रॅमची. स्वस्त, आवाज कमी, खांद्याला धक्का जवळजवळ नाहीच. आपल्याकडे या रायफलची मोठी स्पर्धा म्हणजे 50 मीटरची. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने 1 ऑगस्ट 2024 रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ब्राँझ मिळवलं ते याच अंतरावर, गुडघ्यावर, पालथं आणि उभं राहून. त्या लक्ष्यावरचं दहा गुणांचं वर्तुळ फक्त 10.4 मिलिमीटरचं असतं. आपल्या करंगळीच्या नखाएवढं म्हणा.

नातीच्या क्लबात हीच रायफल 200 मीटरपर्यंत चालवतात. आणि खरी मजा तिथेच आहे. ही गोळी आवाजाच्या वेगाच्या आसपासच निघते, सेकंदाला साधारण 330 मीटर, आणि पुढे मंदावत जाते. 50 मीटरला नेम बसवलेली रायफल तशीच 100 मीटरवर रोखली तर गोळी वीतभर खाली पडते आणि 200 वर मीटरभराहून जास्त. शिवाय वारा. अंतर दुप्पट झालं की वाऱ्याने गोळी दुप्पट नाही, जवळजवळ चौपट सरकते. ताशी 15 किलोमीटरचा आडवा वारा 50 मीटरवर गोळीला सुमारे तीन सेंटिमीटर ढकलतो, आणि तोच वारा 200 मीटरवर चाळीस सेंटिमीटरच्या आसपास. मोठ्या बंदुकीने हजार मीटरवर वाऱ्याचा जो धडा मिळतो, तो ही एवढीशी रायफल दोनशेवर शिकवते. म्हणून माणसं वेडी होतात.

आमच्या शेंद्र्यात वाऱ्याला तोटा नाही. जालना रस्त्याच्या कडेला एका कंपनीच्या गेटवर तीन झेंडे आहेत. फिरायला जाताना मी पाहतो, तिन्ही कधी एका दिशेला फडकत नाहीत. ते तिला सांगितलं तर म्हणाली, "आबा, अगदी हेच! माझ्या रेंजवर पण असंच होतं." आमच्या गावाला शेंद्रा कमंगर म्हणतात. धनुष्य करणाऱ्याला फारसीत कमानगर म्हणत. तेव्हा बाण-गोळीच्या गोष्टी या मातीत अगदीच परक्या नाहीत, अशी मी आपली स्वतःची समजूत करून घेतली आणि कामाला लागलो.

पण कागद-पेन्सिल घेऊन बसलो आणि सुचेचना काही. त्या दहा शून्यांकडे पाहत राहिलो. मला दुसरीच शून्यं आठवत होती.

ही गोष्ट मी आजवर कोणाला सांगितलेली नाही. घरातही नाही.

1986 साल असेल. मी तालुक्याच्या गावी शाळेत होतो. मुलींच्या तुकडीच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर, म्हणून त्या वर्षी मुलामुलींचं फायरिंग एकाच दिवशी मीच घेतलं. गावाबाहेर टेकडीला पाठ करून मातीचा बांध, त्यापुढे 25 यार्डांवर टार्गेटं, जमिनीवर सतरंज्या आणि वाळूच्या पिशव्या. प्रत्येकाला पाच गोळ्या. त्या पाच गोळ्यांची पोरं वर्षभर वाट पाहायची. आदल्या रात्री झोपायची नाहीत.

नववीतली एक मुलगी होती. बोलायला बुजरी, पण रायफल हातात आली की एकदम शांत. तिने पाच गोळ्या झाडल्या. टार्गेट आणायला गेलो तर कागद कोरा. पाचही 'वॉशआउट'. मी यादी करून सगळ्यांसमोर मोठ्याने वाचली, पहिल्यापासून शेवटपर्यंत. शेवटचं नाव तिचं, त्यापुढे शून्य. पोरं हसली. मीही त्यांना गप्प केलं नाही.

पुढच्या आठवड्यात ती धुऊन इस्त्री केलेला गणवेश घेऊन आली. "सर, घरून नको म्हणतात." मी वहीत जमा लिहून घेतला.

पण त्या फायरिंगच्या रात्रीच मी घरी कंदिलाशेजारी (लाईट नेहमीप्रमाणे गेले होते) कागद मोजत बसलो होतो. तिच्या शेजारच्या मुलाच्या टार्गेटवर दहा भोकं होती. पाच इकडे तिकडे विखुरलेली. आणि पाच एका जागी, आठ आण्याच्या नाण्याखाली झाकली जातील अशी. मी खरोखर नाणं ठेवून पाहिलं. पोरीने नेम चुकवला नव्हता, शेजारच्या टार्गेटवर धरला होता. रांगेत आडवं झाल्यावर असं होतं, मोठमोठ्यांचं होतं.

सकाळी सांगायला हवं होतं. पण त्या मुलाचं नाव पुढच्या कँपसाठी पाठवून झालं होतं. दुसरं पत्र लिहायचं, चूक आपली म्हणायची, एवढं बळ माझ्यात नव्हतं. मुलाचा त्यात काही दोष नाही, त्याला काय माहीत? माहीत फक्त मला होतं.

असो. हे सगळं नातीला फोनवर सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आबा, तिला जर तिथल्या तिथे कळलं असतं गोळी कुठे जातेय, तर?"

त्या 'तर' मध्येच आमची स्पर्धा सापडली. माणूस हरल्यामुळे खेळ सोडत नाही. आपली गोळी गेली कुठे हेच कळलं नाही तर सोडतो. चुकलेल्या गोळीने काहीतरी शिकवलं की माणूस म्हणतो, थांबा, अजून एक मारतो. ही 'अजून एक' म्हणजेच मजा. बाकी सगळी मांडणी तिच्यासाठी.

मग आम्ही तीन रविवार बसलो. काय ठरलं ते लिहितो, कोणाला गावच्या गोफणीच्या किंवा तिरंदाजीच्या स्पर्धेलाही उपयोगी पडेल.

पहिलं, हिशोब. पॉइंट टू टूची डबी 50 गोळ्यांची येते. एका डबीत स्पर्धा आटोपली पाहिजे, खिशाला झळ नको. चार फेऱ्या, प्रत्येकी दहा गोळ्या, म्हणजे 40. प्रत्येक फेरीआधी दोन चाचणीच्या, त्यांचे गुण नाहीत, म्हणजे 8. उरल्या दोन. त्यांचं पुढे सांगतो.

दुसरं, पहिला प्रश्न सोपा. मी छत्तीस वर्षं पेपर काढले. पहिलाच प्रश्न अवघड घातला की अर्धा वर्ग तिथेच खचतो, येत असलेलंही विसरतो. नातीने पहिली फेरी उभ्याने ठेवली होती, ती काढून टाकायला लावली. आता पहिली फेरी 50 मीटर, पालथं झोपून, पाच पोलादी चकत्या, प्रत्येकीवर दोन गोळ्या. पहिली चकती 15 सेंटिमीटरची, शेवटची तीनची. पहिली सगळ्यांना लागते, शेवटची हुशारालाही घाम फोडते. एकाच पेपरात दोघांची सोय.

तिसरं, कागदाऐवजी पोलाद. लागलं की टण्ण वाजतं. 200 मीटरवर गोळी पोचायला आणि आवाज परत यायला मिळून सव्वा सेकंद जातो. तो सव्वा सेकंद, नात म्हणते, सगळ्यात गोड. मेक्सिकोतून आलेल्या एका खेळात तर कोंबडी, डुक्कर, टर्की आणि मेंढा असे पोलादी प्राणी ठेवतात, छोट्या रायफलसाठी 40, 60, 77 आणि 100 मीटरवर. लागला की प्राणी आडवा होतो. निकाल विचारायला पंच नको. बर्फावर स्की करत जाऊन मारतात त्या बायथलॉनमध्येही हीच रायफल, 50 मीटरवर पाच काळे ठिपके, लागला की पांढरा होतो.

पण पोलाद लागलेलंच सांगतं, चुकलेलं नाही. म्हणून चौथा नियम, आणि हा मी हट्टाने घालायला लावला. प्रत्येक नेमबाजामागे दुर्बिणीशी एक माणूस बसेल आणि प्रत्येक चुकलेली गोळी कुठे पडली ते सांगेल. "उजवीकडे, एक वीत." पहिल्या महिन्यात येणाऱ्याला तर कोणत्या चकतीवर नेम धरला आहेस हेही आधी विचारायचं. काही जुने खेळाडू कुरकुरले, वारा ज्याचा त्याने ओळखावा म्हणाले. तेव्हा अनुभवी लोकांचा गट वेगळा केला, त्यांना कोणी सांगायचं नाही. साध्या आणि महागड्या रायफलींचेही वेगळे गट, नाहीतर स्पर्धा पाकिटांची होते.

पाचवं, निवड. शेवटच्या फेरीत 200 मीटरवर दोन चकत्या शेजारी शेजारी, एक 50 सेंटिमीटरची, एक 25 ची. मोठीला एक गुण, लहानीला दोन. 'खालीलपैकी कोणताही एक प्रश्न सोडवा.' प्रत्येक गोळीला माणूस झेंड्याकडे पाहतो, मनाशी भांडतो. वारा पडला की लहानीवर, सुटला की मोठीवर. त्यात मागे उभे असलेलेही रंगून जातात. मागे पडलेल्यालाही शेवटपर्यंत आशा राहते. स्वप्निल पॅरिस ऑलिंपिकच्या प्राथमिक फेरीत 590 गुण घेऊन सातवा होता. पण 2013 पासून अंतिम फेरी सगळ्यांची शून्यापासून सुरू होते. तो नियम नसता तर सातव्याने वर यायचं किती अवघड झालं असतं, विचार करा.

सहावं, रिकामं उभं राहायचं नाही. 24 जण असतील तर सहा-सहाच्या चार टोळ्या. एक मारतो, एक दुर्बिणीशी, एक गुण लिहितो, एक घड्याळ पाहतो, एक पुढच्या तयारीत, एक चहा पितो. माणशी साडेतीन मिनिटं धरली तर फेरी 21 मिनिटांत होते. चार फेऱ्या दोन तासांत, थांबण्याचा वेळ धरूनसुद्धा. ज्यांना खाली झोपता येत नाही त्यांना टेबल. हे मी माझ्या गुडघ्याकडे पाहून सुचवलं.

आणि सातवं, ज्याला तडजोड नाही. सगळे एकाच रेषेवरून मारतील. रेषेपुढे माणूस असेल तर रायफलला हात नाही. आपली पाळी नसेल तेव्हा बोल्ट उघडा आणि नळी रिकामी. पोलादावरून शिशाचे कण उडतात म्हणून सगळ्यांना चष्मा, कानाला संरक्षण. 'थांबा' हा शब्द लहान पोरानेही उच्चारला तरी सगळं थांबेल. ही गोळी लहान म्हणून पोरं तिला खेळणं समजतात, पण तिच्या डबीवर दीड मैलापर्यंत जाते असा इशारा छापलेला असतो. मागे बांध भक्कम नसेल तर स्पर्धाच नको. मजा यानंतर.

आता उरलेल्या दोन गोळ्या. नात लहानपणी सुट्टीत शेंद्र्याला यायची. चैत्रात मांगीरबाबाची जत्रा भरते, तिथे छऱ्याच्या बंदुकीने फुगे फोडायचं दुकान असतं. सात वर्षांची असताना तिने तिथे माझे वीस रुपये संपवले होते. मी तिला म्हटलं, "त्या दुकानदाराएवढा हुशार आयोजक मी पाहिला नाही. फुगे जवळ, भरपूर, दाटीवाटीने. एक चुकला तर शेजारचा फुटतो. रडत कोणी जात नाही." म्हणून शेवटच्या दोन गोळ्या फुग्यांना. 50 मीटरवर दोरीला फुगे, सगळ्यांनी एका ओळीत, गुण नाहीत. बक्षिसं चिठ्ठ्या टाकून. फक्त एकच बक्षीस कामगिरीवर, गेल्या महिन्यापेक्षा ज्याचे गुण सर्वांत जास्त वाढले त्याला. यादी वाचायची नाही, भिंतीवर लावायची, ज्याला पाहायची तो पाहील.

पहिल्या महिन्यात 14 जण आले. दुसऱ्यात 17. फार मोठा चमत्कार नाही. पण त्या नऊ गुणवाल्या गृहस्थाला तिने स्वतः फोन करून बोलावलं होतं. त्याला 40 गोळ्यांत 19 लागल्या. मागच्या वेळी त्याची दुर्बीणच सैल होती, आणि दहा शून्यं होईपर्यंत कोणी त्याला सांगितलं नव्हतं. तो या वेळी फुग्यांपर्यंत थांबला, आणि मग चकत्या उचलायलाही.

हे नातीने सांगितलं त्या दिवशी मला चैन पडेना. परक्या देशातल्या माणसाला त्याची गोळी कुठे गेली ते सांगितलं. आणि आपल्या घरचं?

माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवरून नंबर मिळवला. ती आता जालन्यात असते, आजी झाली आहे. "सर, तुम्ही? तब्येत बरी आहे ना?" मी इकडचं तिकडचं न बोलता सगळं सांगून टाकलं. शेजारचं टार्गेट, दहा भोकं, न लिहिलेलं पत्र. म्हटलं, "माझं चुकलं. तेव्हाच सांगायला हवं होतं."

पलीकडे कुकरची शिट्टी ऐकू आली. मग ती म्हणाली, "सर, माझ्या गोळ्या एका जागी होत्या?"

"हो."

"केवढ्यात?"

"आठ आण्याएवढ्या."

"पाचही?"

"पाचही."

ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग हळूच म्हणाली, "मी घरी सांगितलं होतं, मला दिलेल्या गोळ्या खोट्या होत्या म्हणून. वडील म्हणाले, खोटं बोलू नको. तेव्हापासून मलाही वाटायचं की मी खोटंच बोलले."

मला काही बोलता आलं नाही. तीच पुढे म्हणाली, "जाऊ द्या सर. चैत्रात नातवंडांना घेऊन जत्रेला येते. फुग्यांचं दुकान असतं ना अजून?"

असतं, म्हटलं. नक्की ये.

तो कागद मात्र मी जपून ठेवला नाही. बदलीच्या वेळी रद्दीत गेला. तो तिच्या हातात देता आला असता तर बरं झालं असतं.